ओळख सांगावी काय?

हल्ली आपल्या समाजातील मुले-मुली कायद्याच्या अभ्यासाकडे वळू लागली आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. आलेल्या पहिल्या पिढीने दिमोना, अश्दोद, लोद, बेरशेबा येथे गिरण्यांत, कारखान्यांत आणि बंदरावर अंगमेहनत केली. दुसऱ्या पिढीत शिक्षिका, परिचारिका, कारकून झाले. तिसरी आता वकिलीच्या दारात उभी आहे. पण हे दार नुसत्या पदवीने उघडत नाही. १९६१ च्या वकील मंडळाच्या कायद्याप्रमाणे अनुभवी वकिलाच्या, न्यायाधीशाच्या किंवा सरकारी वकिलाच्या हाताखाली उमेदवारी करावी लागते, तिलाच येथे हितमाखूत किंवा स्ताज म्हणतात. मग लिश्केची परीक्षा आणि मग सनद. उमेदवारीला जागाच मिळाली नाही, तर पदवीचा कागद भिंतीवर टांगून ठेवण्यापलीकडे उपयोग नाही. आणि जागेची धावपळ तर पदवी हाती येण्यापूर्वीच सुरू होते. गुणपत्रक, परिचयपत्रक, ढीगभर अर्ज, त्यातल्या थोड्यांनाच उत्तर, आणि एकेका कचेरीत दोन-दोन, तीन-तीन मुलाखती.

या धावपळीत घरोघर एक प्रश्न उभा राहतो. ओळख असेल तर ती सांगावी काय? येथे तिला प्रोटेक्सिया म्हणतात, आणि थट्टेने ‘व्हिटॅमिन पी’. आपल्या मराठीत वशिला. शब्द तिन्ही हसत हसत वापरले जातात, पण ज्याच्या घरात तरुण पोर अर्ज करून वाट पाहत बसले आहे त्याला हसू येत नाही.

आमच्या थोरल्या भावाची नात यंदा अर्ज करीत आहे. सैन्यातली नोकरी झाली, कॉलेजचे गुण चांगले आहेत. आम्ही ज्या वॉर्डात पुष्कळ वर्षे काम केले, तेथे एका वृद्ध बाईंची शुश्रूषा आमच्या हातून झाली होती. त्यांचे चिरंजीव तेल-अवीवमधील एका मोठ्या वकिली कचेरीत भागीदार आहेत. आम्ही कुणाच्या आजाराविषयी घरात बोलत नाही. १९९६ चा रुग्णहक्क कायदा होण्यापूर्वीही बोलत नव्हतो. पण त्या गृहस्थांनीच एका लग्नात चारचौघांत आमचा हात धरून सांगितले की, आईला शेवटी तुम्हीच सांभाळले, केव्हाही काही लागले तर मला सांगा. झाले. नातीच्या आईने ते लक्षात ठेवले, आणि यंदा ती आम्हांला म्हणाली, “आत्या, एक फोन करा. फक्त एक फोन.”

आम्ही फोन केला नाही. नात रागावली. तिला मराठी समजते, पण भांडते हिब्रूत, आणि वकील होणारच असल्यामुळे मुद्देसूद भांडते. तिचे म्हणणे असे: माझ्याबरोबर मुलाखतीला येणाऱ्या मुलांचे काका-मामा त्याच कचेऱ्यांत बसलेले आहेत. त्यांना फोन करावा लागत नाही, शुक्रवारच्या जेवणाच्या टेबलावरच काम होते. त्याला कुणी वशिला म्हणत नाही. माझे पणजोबा दिमोनाच्या कापडगिरणीत होते. आपल्या माणसांनी या देशात काय मिळवले, तर लोकांचे आभार. तेवढीच आपली पुंजी, आणि तीही खर्च करायची नाही?

या मुद्द्याला आमच्याजवळ झटपट उत्तर नव्हते, आणि तो खोटाही नाही. १९८८ च्या समान संधीच्या कायद्याने धर्म, वय, मूळ देश यांवरून नोकरीत भेद करण्यास मनाई आहे. उमेदवाराचे सैन्यातले वैद्यकीय ‘प्रोफाइल’ मागण्यासही मनाई आहे. पण टेबलावरच्या गप्पांना कोणता कायदा मनाई करणार? आणि अर्जावरचे आडनावही बोलतेच. अमेरिकेत शिकागो आणि बोस्टन येथे सारखेच परिचयपत्रक निरनिराळ्या नावांनी पाठवून पाहिले, तेव्हा गोऱ्या वाटणाऱ्या नावांना सुमारे दीडपट बोलावणी आली. तो अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. नातीच्या आईने तर आडनावातला ‘कर’ काढून टाकण्याचेही सुचवले होते. ते मात्र नातीनेच झिडकारले. (गांधीजींवर उपचार करणारे डॉ. अब्राहम एरुळकर याच ‘कर’ने मोठे झाले, असे आम्ही तिला सांगितले, पण तिने ते नाव ऐकलेले नव्हते.)

तरीही आमचे मन फोनकडे वळेना. का, ते शोधून पाहिले.

तालमूदमध्ये, केतुबोतात, शमुएलाची एक गोष्ट आहे. आम्ही ती सिनेगॉगमध्ये एका प्रवचनात ऐकली. शमुएल नावेतून उतरत होते, एकाने पुढे होऊन हात दिला. त्यांनी विचारले, तू येथे कशासाठी? तो म्हणाला, माझा एक दावा आहे. शमुएल म्हणाले, मग तुझा न्याय मी करू शकत नाही. नुसता हात दिला होता, पैसा नव्हे. आणि तोरा तर याहून पुढे जाते. वाईक्राच्या पुस्तकात न्याय करताना बड्याची भीड धरू नये असे आहे, तसेच गरिबाचाही पक्ष घेऊ नये असे आहे. नात यावर म्हणाली, तो नियम न्यायाधीशाला, कचेरीच्या मालकाला नव्हे. मालकाला आवडेल त्याला घेण्याची मुभा आहे. खरे आहे. पण मुलाखत घेणारा माणूस त्या अर्ध्या तासापुरता न्यायाधीशच असतो, आणि ज्याने आमच्या हातून आईला पाणी पाजलेले पाहिले आहे त्याच्यापुढे आमची नात बसली, तर त्याचे डोळे तिचे गुण पाहतील की आमचा हात पाहतील?

शिवाय तो हात आमचा एकटीचा नव्हता. त्या वॉर्डात रात्रपाळीला अरब परिचारिका होत्या, रशियाहून आलेल्या होत्या, एक इथिओपियन मावशी फरशी पुसता पुसता बाईंशी बोलत बसे. त्या कामाचा पगार आम्हां सगळ्यांना मिळाला. त्या मावशीच्या नातीनेही कुठे अर्ज केला असेल, तर तिच्यासाठी कोण फोन करणार?

अपघात विभागात बसलेल्या कोणत्याही परिचारिकेला हे ठाऊक असते. कुणी ना कुणी खिडकीशी येऊन हळूच म्हणतो, सिस्टर, आमचा माणूस जरा आधी घ्या, आपण एकाच गावचे. तो माणूस वाईट नसतो, घाबरलेला असतो. पण ज्याला मागे सारावे लागते तो खिडकीशी येत नाही, म्हणून त्याचा चेहरा दिसत नाही. उमेदवारीच्या जागेचेही तेच. एक जागा म्हणजे एक खाट.

१९६४ साली आपली वडील मंडळी जेरुसलेममध्ये रस्त्यावर बसली, ती काय मागत होती? लग्नाच्या बाबतीत बेने इस्राएलसाठी म्हणून जो वेगळा उल्लेख रब्बींच्या आदेशात होता, तो काढून टाका, एवढेच. सवलत नको होती, सर्वांना लावता तोच नियम आम्हांला लावा, ही मागणी होती. नातीला हे सांगितल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, तो नियम सर्वांना लागत असता तर मी फोन मागितलाच नसता.

यावर आमच्याजवळ आजही पुरे उत्तर नाही. परंतु वशिला आणि माहिती यांत फरक आहे, एवढे आम्हांला दिसते. मुलाखतीत काय विचारतात, मोठी कचेरी आणि लहान कचेरी यांत उमेदवार काय शिकतो, सार्वजनिक बचाव कार्यालयात (ते १९९५ च्या कायद्याने निघाले) अर्ज करावा की नाही, हे ज्यांच्या घरात वकील आहेत त्यांना जेवता जेवता कळते. आपल्या मुलांना कळत नाही. हे सांगितल्याने कुणाची खाट जात नाही. आम्ही नातीला आपल्याच समाजातील एका वकीलबाईंकडे पाठवले. त्यांच्या हाती कोणतीही जागा नव्हती. त्यांनी दोन संध्याकाळ तिला समोर बसवून खोटी मुलाखत घेतली, परिचयपत्रकातला अर्धा मजकूर खोडला, आणि आजीने परिचारिका म्हणून काय काय केले हे सांगत बसू नकोस, असेही बजावले. ते बरेच झाले.

पुढच्या आठवड्यात तिच्या दोन मुलाखती आहेत. त्या गृहस्थांच्या कचेरीतही तिने स्वतःचा अर्ज टाकला आहे, आमचे नाव न घालता. तेथून अजून उत्तर नाही.

आपल्यापैकी जे कोणी वकिली करीत असतील आणि अशा दोन संध्याकाळ इतर मुलांसाठी काढू शकतील, त्यांनी संपादकांकडे नाव कळवावे. सिनेगॉगचा हॉल मंगळवारी रिकामा असतो. चहाचे आम्ही पाहू.