करडा रंग

आकडे चित्रात मांडायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, असं चंद्रपूर-गडचिरोलीतली मुलं विचारतात तेव्हा माझं उत्तर तोंडपाठ असतं. एक्सेल सगळ्यांकडे असतं, पण आलेखाचा अक्ष शून्याऐवजी भलतीकडून सुरू केला तर का केला, याचा माग राहत नाही. क्यूजीआयएस फुकट आणि नकाशाला उत्तम. ‘आर’ शिकायला किचकट, पण काय गाळलं, काय ठेवलं, ते स्क्रिप्टमध्ये ओळीने राहतं. दुसरा कुणी ती चालवून ताळा करू शकतो. म्हणून आर शिका, असं मी सांगतो.

आणि मिटिंगच्या आदल्या रात्री माझा स्वतःचा हात माऊसकडे जातो. माग न राहणं मला सोयीचं वाटतं, हे त्याचं खरं कारण.

गडचिरोलीच्या हिवतापाचाच नकाशा घ्या. राज्यातल्या हिवतापाचा मोठा वाटा याच जिल्ह्याचा. दर हजारी रुग्णांवरून गावं रंगवायची. पन्नास वस्तीच्या टोल्यावर दोघांना ताप आला की दर थेट 40! वर्ग समान अंतराचे घेतले तर असे दोन-चार टोले लालभडक आणि बाकी जिल्हा फिका. प्रत्येक वर्गात सारखी गावं घातली की तोच जिल्हा लालेलाल. निधी मागणाऱ्याला दुसरा नकाशा आवडतो, काम दाखवणाऱ्याला पहिला. समोर कोण बसणार हे कळल्यावर माझा कल कुठे झुकतो, ते मला चांगलं ठाऊक आहे.

त्याहून टोचतो तो न आलेला आकडा. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा वेळी एखाद्या गावाची नोंद पोचली नाही, तर आरमधलं जीजीप्लॉट ते गाव आपणहून करडं दाखवतं. क्यूजीआयएसच्या वर्गवार रंगात ते रंगतच नाही, खालचा पांढरा कागद दिसतो. फिक्या गुलाबीशेजारचा पांढरा म्हणजे तिथे ताप नाही, असंच पाहणारा समजतो. करडं दिसलं की कुणीतरी विचारतं, “हे काय हो?” पांढऱ्याबद्दल कुणी विचारत नाही. नकाशा स्वच्छ दिसतो, अशी मी मनाची समजूत घालतो. खाली करडा थर टाकायला क्यूजीआयएसमध्ये कितीसा वेळ लागतो? सॉफ्टवेअरकडे बोट दाखवायला जागाच नाही.

बरं, आर वापरून तरी मी कुठे सुटतो? वर्गवारी दोन-तीन तऱ्हांनी करून पाहायची आणि नको त्या खोडायच्या. स्क्रिप्टमध्ये उरते ती मला आवडलेली. यापुढे बाजूला सारलेले नकाशेही शेवटच्या पानावर लावावेत, असं मनात आहे. साहेबांनी “हे कशाला?” म्हटलं तर काय सांगायचं, ते मात्र अजून ठरत नाही.