स्मरणिकेत बसेल अशी गोष्ट

लालबागमधल्या एका चाळीच्या जागी टॉवर उभा राहिला, पण गणेशोत्सव मंडळ चाळीचंच राहिलं. यंदा मंडळाच्या स्मरणिकेत जाहिराती आणि अध्यक्षांचं मनोगत यांच्या जोडीला एक नवं सदर असावं, असं संपादक असलेल्या मामांनी ठरवलं. इमारतीच्या अवतीभवती राबणाऱ्या परप्रांतीयांच्या कहाण्या छापायच्या. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘हे लोक’ या विषयावर वर्षभर बरीच चिखलफेक झाली होती. माणूस कळला की राग निवतो, अशी मामांची श्रद्धा. मुलाखतींचं काम त्यांनी समाजशास्त्र शिकणाऱ्या भाचीवर सोपवलं.

पहिल्याच मुलाखतीत घोळ झाला. गेटजवळचा इस्त्रीवाला जौनपूर जिल्ह्यातला. मुलगी महापालिकेच्या मराठी शाळेत जाते. टाळेबंदीत त्याने वरच्या मजल्यांवरच्या म्हाताऱ्यांना औषधं आणून दिली. इथवर सगळं सदराला साजेसं. पण तो तिथे थांबला नाही. गावात जमिनीवरून भावाशी मारामारी झाली, पोलिसांत नाव गेलं, म्हणून तो पळून मुंबईत आला. सुरुवातीच्या काळात दारूपायी गिऱ्हाइकांचे कपडे गहाण टाकले. टपरी टिकवायला आजही दरमहा कुणाकुणाचे हात ओले करावे लागतात. वर म्हणाला, “लिहा की. मीच सांगतोय ना?”

“मारामारी आणि गहाणाचं गाळून टाक,” मामा म्हणाले. “औषधं, मुलगी, मराठी शाळा. पान भरतं तेवढ्यात.”

“मग ती गोष्ट राहत नाही, मामा. चारित्र्याचा दाखला होतो.”

“दाखलाच हवाय लोकांना. तुला ब्रिटनमधलं विंडरश प्रकरण माहीत असेल.” मामा बँकेतून निवृत्त झाले असले तरी त्यांचं वर्तमानपत्रं वाचणं सुटलेलं नाही. १९४८ पासून कॅरिबियन बेटांवरून कायदेशीर मार्गाने आलेली माणसं तिथे बस चालवून, इस्पितळांत राबून म्हातारी झाली. पुढे कागद दाखवता येत नाहीत म्हणून सरकारने त्यांच्यातल्या अनेकांना बेकायदा ठरवलं. कुणाची नोकरी गेली, कुणाचे उपचार अडले, काहींना देशाबाहेर काढलं. ‘गार्डियन’ने एकेकाची कहाणी नावानिशी छापली आणि एप्रिल २०१८ मध्ये गृहमंत्री अंबर रड यांना राजीनामा द्यावा लागला. “आकडेवारीने कोण हललं असतं गं? गोष्टींनी हलले.”

“हलले, खरंय. पण कुणाच्या गोष्टींनी? आयुष्यभर कर भरलेल्या, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेल्या आजी-आजोबांच्या. त्याच लोकांत ज्यांच्या नावावर जुनी एखादी शिक्षा होती, त्यांच्याकडे सहानुभूती फारशी वळली नाही. कागद नसण्याचा अन्याय तर दोघांवर सारखाच होता.”

मामांनी चष्मा काढून पुसला. मुद्दा लागला होता, पण ते मानायला तयार नव्हते. भाचीने मग गॉर्डन ऑलपोर्ट यांचं नाव काढलं. या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये पूर्वग्रहांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात मनाची एक खोड नोंदवली आहे. समजुतीत न बसणारा माणूस भेटला की मन समजूत बदलत नाही. त्या एकाला अपवाद म्हणून बाजूला काढतं आणि कुंपण पुन्हा होतं तसं घालतं. “आपला इस्त्रीवाला सज्जन, बाकीचे तसलेच. तुमचं सदर वाचून ग्रुपवर हेच येणार.”

“आणि खरं छापलं तर काय येईल? ‘आम्ही सांगत होतो ना!’ तोंडं मिटतील का त्यांची? गरिबाच्या पोटावर पाय यायचा. उद्या गेटजवळून उठवतील त्याला. तू तुझ्या तत्त्वांसाठी त्याला पणाला लावतेस.”

इथे मामांची बाजू हलकी नाही. खरं सांगण्याची किंमत सांगणाऱ्याला मोजावी लागते, लिहून घेणाऱ्याला नाही. इस्त्रीवाल्याने रेकॉर्डिंगला होकार दिला, पण छापील पान साडेतीनशे घरांत जातं याचा अंदाज त्याला असेलच असं नाही. भाचीलाही हे पटलं. लाचेचा उल्लेख त्याला विचारून काढायचा, नाव-गाव घालायचंच नाही, हे तिने लगेच कबूल केलं. “पण मामा, त्याला धोका आहे म्हणून गाळणं वेगळं आणि आपल्याला अवघड वाटतं म्हणून गाळणं वेगळं. मारामारी वीस वर्षांपूर्वीची. ती लपवण्यात त्याचा काही फायदा नाही. आपल्याला तो गोंडस हवाय, एवढंच.”

“मग तुझं म्हणणं तरी काय? गोष्टी सांगूच नयेत?”

“सांगाव्यात. पण एकट्या त्यानेच का?”

अमेरिकेत जोशुआ काल्ला आणि डेव्हिड ब्रूकमन या दोन राज्यशास्त्रज्ञांनी २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. कार्यकर्ते दारोदार जाऊन स्थलांतरितांविषयी बोलत. नुसते युक्तिवाद केले तर ऐकणाऱ्यांची मतं हलली नाहीत. कार्यकर्त्याने घरमालकाला दोष न देता एक अनुभव सांगितला, घरमालकालाही त्याच्या आयुष्यातला अनुभव सांगायला लावला, तिथे मात्र फरक पडला. छोटाच, पण काही महिने टिकणारा. दोन्हीकडून बोलणं झालं की कुंपण जरा सैल होतं, असं दिसतं. भाचीने हे सांगितलं आणि मग जरा आवाज उतरवून विचारलं, “स्मरणिकेत आजोबांचं पान कुठाय?”

“कशाला? आपण काय परप्रांतीय?”

देवगडहून बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरलेल्या मुलाला, म्हणजे याच आजोबांना, त्या काळच्या मुंबईने काही वेगळं वागवलं नव्हतं. १९२१ च्या जनगणनेत या शहरातली शंभरातली ८४ माणसं शहराबाहेर जन्मलेली होती आणि त्यांत रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा सगळ्यांत मोठा. चाकरमानी गावकीच्या खोलीत वळकटी टाकत. एक पाळी कामावर गेली की दुसरी त्याच जागेत झोपे. जेवण खानावळीत. त्या खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या हातून सोडवायला प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. दक्षिण मुंबईतल्या बंगल्यांत कोकणातून आलेला घरगडी कुणीही असो, त्याला ‘रामा’च म्हणायचे, घाटावरून आलेला तो ‘घाटी’. आणि ज्यांच्याशी लालबागची स्पर्धा असल्याचं आज बोललं जातं, ते उत्तरेकडचे लोकही काल आलेले नाहीत. मदनपुऱ्यातल्या मोमीन विणकरांच्या वस्तीची मुळं १८५७ नंतरच्या स्थलांतरात आहेत. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या शंभर जणांचे आवाज इंग्रजीत पुस्तकरूपाने आणले, ते २००४ मध्ये. तोवर बहुतेक गिरण्यांच्या चिमण्या थंडावल्या होत्या.

“आजोबांचं पान लिहायला मला काय,” मामा म्हणाले. “साचा खाता, युनियन, पंढरीची वारी…”

“आणि ब्याऐंशीचा संप? आजीने सांगितलंय मला.”

१८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या हाकेवर अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले. संपाचा शेवट अधिकृतपणे कधी झालाच नाही. घरातली भांडी मोडीत गेली, तेव्हा या घरातले आजोबा एका रात्री मागच्या दाराने गिरणीत शिरले. चाळीत काही काळ त्यांच्याशी कुणी बोलत नव्हतं.

मामा बराच वेळ गप्प राहिले. “परिस्थितीच तशी होती.”

“होतीच. पण आजोबांनी केलं ते परिस्थितीमुळे आणि इस्त्रीवाल्याने केलं ते त्याच्या मुलखाचा स्वभाव म्हणून?”

ऑलपोर्ट यांचेच विद्यार्थी थॉमस पेटिग्र्यू यांनी १९७९ मध्ये नेमक्या याच उलट्या तराजूवर लेख लिहिला: आपल्या माणसाचा दोष परिस्थितीच्या खात्यात, परक्याचा दोष रक्ताच्या खात्यात. बँकेत खातेवह्या तपासत आयुष्य काढलेल्या मामांना हा हिशेब समजावून सांगायची गरज नव्हती.

त्यांनी मोर्चा दुसरीकडे वळवला. “समजा, आजोबांचं छापलं. तरी ज्याला रंगवून सांगता येत नाही त्याचं काय? सगळ्यांचीच गोष्ट काही ऐकण्यासारखी नसते.”

या प्रश्नावर भाची अडली, आणि ते बरंच झालं. टाळेबंदीत, ८ मे २०२० च्या पहाटे, जालन्याहून चालत निघालेले मध्य प्रदेशातले १६ मजूर करमाडजवळ रुळांवर झोपेत मालगाडीखाली गेले. ते जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करत होते. त्यांच्या गोष्टी जिवंतपणी कुणी मागितल्या नव्हत्या. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांचा फोटो आला तेव्हा देश हळहळला. हळहळ खरी होती, पण तिने त्यांना रेल्वेचं तिकीट मिळालं नाही. “गोष्टीवर सगळं टाकलं की असं होतं,” ती म्हणाली. “घटनेच्या एकोणिसाव्या कलमात देशात कुठेही फिरायचा, राहायचा हक्क आहे. त्यात ‘गोष्ट हृद्य असल्यास’ अशी अट नाही. कंटाळवाण्या माणसालाही तो आहे. दारुड्यालाही आहे.”

“मग सदर बंद करू?”

“नाही. सदराचं नाव बदलू.”

ठरलं ते असं. प्रश्न सगळ्यांना तेच: कधी आलात, कशासाठी गाव सोडलंत, पहिली रात्र कुठे काढलीत, घरी किती पाठवत होतात, कशाची लाज वाटते. उत्तरं इमारतीतल्या घरांकडून आणि गेटबाहेरच्यांकडून सारख्याच जागेत छापायची. लाजेच्या प्रश्नाला ‘सांगायचं नाही’ हे उत्तरही चालेल, तेही सगळ्यांना. मजकूर छापखान्यात जायच्या आधी ज्याचा त्याला वाचून दाखवायचा. मामांना हे पूर्ण पटलेलं नाही. अध्यक्ष खवळतील, जाहिरातदार गळतील, असं ते अजून म्हणतात आणि तसं होऊही शकतं.

यंदा स्मरणिका काढणाऱ्या मंडळांनी परप्रांतीयांची मुलाखत जरूर घ्यावी; पण पहिली मुलाखत आपल्याच मजल्यावरच्या सगळ्यांत वयस्कर माणसाची घ्यावी आणि त्याने सांगितलेलं नावडतं वाक्य गाळू नये.