जागल

रात्री तुमची झोप नीट झाली असेल आणि घरात कुणी विचारलं असेल, तर तुमचं उत्तर ठरलेलं असणार: मस्त झोप लागली, काही कळलंच नाही. या साध्या बोलण्यावर आपल्या देशात शेकडो वर्षं वाद झाला आहे. वेदान्ती विचारतो, काही कळलं नाही हे तरी तुला कसं कळलं? आठवण अनुभवलेल्या गोष्टीचीच होते. तू सुखानं झोपलास हे तुला आठवतं आहे, म्हणजे गाढ झोपेतही तुझ्यात कुणीतरी जागं होतं. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचा पंडित, हे मानत नाही. तो म्हणतो, ही आठवण नाहीच, हा उठल्यानंतर लावलेला हिशेब आहे. अंग हलकं वाटतं, दहा ते पाच या वेळातलं काही आठवत नाही, त्यावरून तू अनुमान काढतोस की झोप चांगली झाली. मला नैयायिकाचं बोलणं जास्त पटतं. पण वेदान्त्याचा प्रश्न त्यानं संपत नाही. झोपेत जागं कोण असतं, हे विचारायलाच हवं, कारण झोप, ध्यान आणि मरण या तिन्हींचा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

आपल्या भाषेनंही हा गोंधळ वाढवला आहे. समाधी हा एकच शब्द घ्या. ध्यानाची शेवटची पायरी म्हणजे समाधी. शेगावला गजानन महाराजांनी ८ सप्टेंबर १९१० रोजी देह ठेवला, ती समाधी. तिथल्या ज्या स्थानाच्या दर्शनाला रांग लागते, तीही समाधी. आणि कीर्तनात एखादा मान टाकून घोरायला लागला की शेजारचा हळूच म्हणतो, यांची समाधी लागली. मेलेल्या माणसाला आपण चिरनिद्रा लागली म्हणतो, आणि म्हातारी माणसं हात जोडून मागतात, झोपेतच जाऊ दे. मागणं समजण्यासारखं आहे, त्यात वेदनेची भीती आहे. पण त्यामागे एक समजूत दडलेली आहे, की झोप म्हणजे थोडंसं मरण आणि विचार थांबलेलं मन म्हणजे जागेपणीची झोप. ही समजूत मला चुकीची वाटते. या तीन अवस्था वरून सारख्या दिसतात, पण राखणीला कोण बसलं आहे यावरून त्या एकमेकींपासून साफ वेगळ्या होतात.

राखणीचा शब्द वऱ्हाडाला नवा नाही. तूर शेंगांवर आली, हरभऱ्याला घाटे धरले, की अकोला-अमरावतीकडच्या शेतांत जागल सुरू होते. चार बल्ल्यांवर बांधलेलं मचाण, वर गोधडी, हाताशी बॅटरी आणि वाजवायला रिकामा डबा. एका रात्रीत रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप हरभऱ्याचं वावर साफ करू शकतो आणि रानडुकरं ओळीच्या ओळी उकरून टाकतात. नवखा जागल्या प्रत्येक खुळखुळीला उठून बसतो. पऱ्हाटी वाऱ्यानं हलली तरी बॅटरी मारतो, बारा वाजेपर्यंत दमतो आणि नेमका तेव्हा झोपतो जेव्हा डुकरं येतात. मुरलेला जागल्या तसा नसतो. तुरीच्या वाळलेल्या शेंगांचा आवाज त्याच्या कानावर येतो आणि जातो, तो त्याच्यामागे धावत नाही. तो काही ठरवून ऐकत नाही, पण ऐकायचंही सोडत नाही. विचारलंत तर सांगेल, कुठं काय विचार करत होतो, बसलो होतो नुसता. पण खुराचा वेगळा आवाज आला की तो डब्यावर काठी मारून मोकळा झालेला असतो.

आता झोपेकडे या. झोपेत मालक निजलेला असतो, जागल्या मात्र मचाणावर असतो. हा जागल्या म्हणजे मेंदूच्या बुडाशी, मानेच्या वर असलेलं लहानसं खोड, ज्याला डॉक्टर ब्रेन-स्टेम म्हणतात. सात तासांच्या झोपेत तुम्ही पाच-सहा हजार श्वास घेता, त्यातला एकही तुम्ही ठरवून घेतलेला नसतो. आईला भांडी पडल्याचा आवाज झोपेत ऐकू येत नाही, बाळ कुरकुरलं की येतो. गर्दीच्या रेल्वे डब्यात झोपलेल्या माणसाला दहा नावं ऐकू येत नाहीत, स्वतःचं येतं. म्हणजे आवाज निवडण्याचं काम झोपेतही चालूच असतं. जर्मनीत हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूतल्या विद्युत लहरी पहिल्यांदा टिपल्या आणि १९२९ साली ते प्रसिद्ध केलं. तेव्हापासून झोप म्हणजे बंद पडलेला मेंदू ही कल्पना मागे पडत गेली. गाढ झोपेत सेकंदाला चारपेक्षा कमी अशा मोठ्या, संथ लहरी उठतात. डोळे मिटून शांत बसलेल्या जाग्या माणसात लहरी सेकंदाला साधारण आठ ते बारा असतात.

मरणाचं काय? तिथं आपला कायदा तत्त्वज्ञानापेक्षा स्पष्ट बोलतो. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानं ब्रेन-स्टेम मृत्यू हा मृत्यू मानला आणि त्यासाठीच्या तपासण्या निदान सहा तासांच्या अंतरानं दोनदा करायला लावल्या. हृदय धडधडत असेल, यंत्र श्वास देत असेल, अंग उबदार असेल, तरी तो खोडाचा भाग गेला असेल तर माणूस गेला. झोपेत जो रात्रभर जागतो, मरणात नेमका तोच उठून जातो. आता सांगा, झोपेला मरणाची बहीण कसं म्हणायचं? रोज रात्री आपण मरणाची तालीम करतो असं म्हणायला ऐटदार आहे, पण तालमीला नट तरी हजर हवा. झोपेत आपण हजरच नसतो.

ध्यानातली निर्विचार जाणीव वेगळी ठरते ती इथं. अलीकडे हा शब्द घरोघर ऐकू येतो. वरुड-पांढुर्ण्याच्या पुढच्या छिंदवाड्यात १९२३ साली जन्मलेल्या निर्मलादेवींच्या सहजयोगानं तो पुष्कळ पसरवला. पण विचार आणि जाणीव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत ही ओळख फार जुनी आहे. पतंजलींनी मनाच्या पाच वृत्ती मोजल्या, त्यांत निद्रेलाही बसवलं. म्हणजे त्यांच्या लेखी झोप ही वृत्ती थांबल्याची अवस्था नाही, तीच एक वृत्ती आहे आणि योगात तीही थांबवायची आहे. छांदोग्य उपनिषदातला इंद्र त्याहून रोखठोक. प्रजापतीनं त्याला सांगितलं, स्वप्नही न पडणारी गाढ झोप हाच आत्मा. त्याच्याबरोबर शिकायला आलेला विरोचन केव्हाच समाधान पावून घरी गेला होता. इंद्र अर्ध्या वाटेतून परतला आणि म्हणाला, त्या झोपेत माणूस स्वतःलाही ओळखत नाही, दुसऱ्यालाही नाही, जणू नाहीसाच होतो, मला यात काही भलं दिसत नाही. प्रजापती रागावला नाही. आणखी पाच वर्षं राहा म्हणाला, आणि इंद्राची तिथली शिकवणी एकूण १०१ वर्षांची झाली. मला या गोष्टीत इंद्राची शंका सगळ्यात मोलाची वाटते. विचार थांबले एवढ्यानं काम होत नाही, ते थांबलेले पाहणारा कुणी उरला का, हा प्रश्न आहे. ध्यानात मालक स्वतः मचाणावर चढतो.

यावर पहिला आक्षेप प्रयोगशाळेतून येतो आणि तो टाळू नये. १९७६ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. पाच अनुभवी साधकांच्या मेंदूच्या लहरी ध्यानात टिपल्या, तेव्हा त्यांचा बराच वेळ चक्क झोपेत गेलेला दिसला. टीकाकार म्हणाले, बघा, ध्यान म्हणजे बसून काढलेली डुलकी. पण याच नोंदीवरून उलटही सिद्ध होतं. झोप लागलेली वेगळी ओळखता आली, म्हणजे न लागलेला वेळही वेगळा होता. जागल्या मचाणावर पेंगतो म्हणून जागल खोटी ठरत नाही. दुसरा आक्षेप असा की विचार थांबतच नाहीत. तो मला पूर्ण मान्य आहे. पाच मिनिटं बसून पाहा, बियाण्याचा भाव, मुलीची फी, कालचं भांडण, सगळं हजेरी लावून जातं. निर्विचार हा शब्द थोडा फसवाच आहे, वारा थांबवायचा करार कुणी केलेला नाही. दोन आवाजांच्या मधल्या जागेत आपण असतो एवढंच लक्षात आलं तरी पुरे, आणि ती जागा काही क्षणांहून मोठी नसते.

तिसरा आक्षेप वऱ्हाडातूनच येतो आणि तो सगळ्यात जड आहे. ज्याच्या घरी कर्जाची नोटीस आली, कपाशीला बोंडअळी लागली, त्याला डोळे मिटून बसायला सांगायचं? नाही सांगायचं. ध्यानानं कर्ज फिटत नाही. ज्याची झोप आठवडेच्या आठवडे उडाली आहे, ज्याच्या मनात स्वतःला संपवण्याचे विचार येत आहेत, त्यानं ध्यानाची आसनं शोधू नयेत, डॉक्टर गाठावा किंवा टेलि-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करावा. शिवाय गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातलेच, शेंडगावचे. त्यांनी लोकांच्या हाती झाडू दिला, आसन नाही, आणि २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीकाठी, प्रवासातच त्यांनी प्राण सोडला. मचाणावर चढायला ध्यान हीच एक शिडी आहे असं कुणी म्हणू नये.

पण ध्यान म्हणजे पळवाट, हेही खरं नाही, आणि त्याचा पुरावा तिवसा तालुक्यातल्या मोझरीत आहे. तुकडोजी महाराजांनी १९३५ साली गुरुकुंज आश्रम उभारला. दिवसाची सुरुवात सामुदायिक ध्यानानं आणि शेवट सामुदायिक प्रार्थनेनं, अशी तिथली रीत. मधल्या वेळात गावसफाई, व्यसनमुक्ती, शेती. ज्यांनी १९५५ साली ४१ अध्यायांची ग्रामगीता लिहून रस्ता, संडास, सावकारी यांवर बोलायला संकोच केला नाही, त्यांनीच पहाटेचं बसणं सोडलं नाही. दोन्ही त्यांना एकाच दिवसात बसवता आलं. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी, अश्विन वद्य पंचमीला, कर्करोगानं ते गेले. दर वर्षी त्या तिथीला गुरुकुंजात दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी, त्यांच्या जाण्याच्या क्षणी, हजारो माणसं एकदम गप्प होतात. भजनाची खंजिरी थांबते. मरणाची आठवण म्हणून आपण सहसा रडतो, जेवणं घालतो, भाषणं करतो. इथं एवढा समुदाय मरणाचा क्षण उघड्या कानांनी, जागेपणी सोबत घेतो. त्या जमावात कुणी झोपलेलं नसतं आणि कुणी काही ठरवतही नसतं. मेल्यानंतर काय होतं याचं उत्तर तिथं मिळत नाही, आणि वेदान्ती व नैयायिक यांचा वादही सुटत नाही. पण झोपेत मरण मागणाऱ्याची भीती आणि त्या मिनिटाची शांतता शेजारी ठेवली, तर मरणाकडे तोंड करून उभं राहणं म्हणजे काय ते दिसतं.

एक शेवटची शंका साधी, घरगुती आहे. मग ध्यान करणाऱ्याला झोप कमी पुरते का? नाही. प्रौढ माणसाला सात तासांच्या आसपास झोप लागतेच, ती डोळे मिटून बसण्यानं भरून निघत नाही. रात्रभर जागल करून आलेला माणूस पहाटे बॅटरी खुंटीला लावतो, भाकरीचे दोन घास खातो आणि भिंतीकडे तोंड करून निजतो. कुणीतरी त्याच्या अंगावर पांघरूण टाकावं आणि रेडिओ जरा हळू करावा.