पक्ष आणि दाद

आमच्या ग्वाल्हेरात गाणे ऐकणाऱ्याला रसिक म्हणतात आणि क्रिकेट पाहणाऱ्याला प्रेक्षक. हा भेद केवळ शब्दांचा आहे, असे आम्ही पुष्कळ वर्षे समजत होतो. बैठकीत दुसऱ्या घराण्याच्या गवयाने एखादी जागा सुरेख घेतली, तर आपल्या घराण्याचा कट्टर अभिमानी म्हातारादेखील नकळत मान हलवतो. ती मान हलली नाही, तर उणेपणा गवयाकडे जात नाही, म्हाताऱ्याकडेच राहतो. मैदानावर मात्र न्याय उलटा. तेथे प्रतिपक्षाच्या सुंदर फटक्याला टाळी देणारा शेजाऱ्यांच्या नजरेत फितूर ठरतो. एकच मनुष्य रात्री बैठकीत उदार आणि दुपारी मैदानावर कृपण का व्हावा? प्रश्न करमणुकीतला आहे, म्हणून क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या वेळी आपल्यावर कसलीच जबाबदारी नसते, त्याच वेळी आपण खरे कसे आहोत ते उघडे पडते. प्रेक्षकावर कसलीच जबाबदारी नसते.

हा विचार आमच्या डोक्यात प्रथम शिरला तो २१ फेब्रुवारी १९९६ रोजी. विश्वचषक स्पर्धेतील भारत-वेस्ट इंडीज सामना येथील कॅप्टन रूपसिंह मैदानावर होता. आम्ही त्या वेळी नायब तहसीलदार होतो आणि बंदोबस्तासाठी प्रेक्षकांच्या एका भागात आमची नेमणूक झाली होती. हुकूम असा, की मैदानाकडे पाठ करावी आणि लोकांकडे तोंड. वेस्ट इंडीजचा डाव १७३ धावांत संपला, सचिन तेंडुलकरने ७० धावा केल्या, भारताने पाच गडी राखून सामना जिंकला. यांपैकी फारच थोडे आम्ही डोळ्यांनी पाहिले. सामना आम्ही वाचला तो हजारो चेहऱ्यांवर.

त्या चेहऱ्यांच्या आम्ही मनाशी चार तऱ्हा केल्या. पहिला निकालाचा गिऱ्हाईक. त्याला खेळाशी कर्तव्य नसते. विजय पदरात पडला की पैसे वसूल, न पडला की तो फसवला गेला. दुसरा व्यक्तीचा भक्त. त्याचे दैवत बाद झाले की तो डबा आवरून निघतो, मग संघाचे काही होवो. तिसरा स्वतःच तमाशा असणारा. तोंड रंगवून, पिपाणी फुंकून तो अर्धा वेळ मैदानाकडे पाठ करून बसतो. आमचे आणि त्याचे तोंड सतत परस्परविरुद्ध, म्हणून तो चांगला लक्षात राहिला. चौथा जाणकार. तो कमी बोलतो आणि बहुधा मागच्या रांगेत असतो.

ब्रायन लारा त्या दिवशी लवकर बाद झाला. सारा जनसमुदाय उठून नाचू लागला. आमच्या समोर शिवपुरीकडून आलेले एक वृद्ध गृहस्थ होते. तेही उठले, त्यांनीही टाळ्या वाजवल्या, आणि मग खाली बसून शेजाऱ्याला म्हणाले, “इतनी दूर से इसी को देखने आए थे।” त्यांच्या चेहऱ्यावर एकाच वेळी आनंदही होता आणि हळहळही. पुढे सेवाकाळात अनेक मोठी माणसे आम्ही जवळून पाहिली. परंतु त्या अनाम गृहस्थांचा चेहरा आमच्या मनातून गेला नाही. तो चार तऱ्हांपैकी कोणत्याच तऱ्हेत बसेना, कारण त्या घटकेला ते चारांपैकी दोघे होते. तेव्हा उमगले, की या माणसांच्या जाती नव्हेत. एकाच मनाच्या या अवस्था आहेत.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, १३ मार्च १९९६ रोजी, कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर उपान्त्य सामना झाला. श्रीलंकेच्या २५१ धावांचा पाठलाग करताना भारताचे आठ गडी १२० धावांत बाद झाले. प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, बसायच्या जागांना आगी लावल्या, खेळ थांबला आणि सामना श्रीलंकेला बहाल करण्यात आला. विनोद कांबळी रडत परतला, ते दृश्य साऱ्या देशाने पाहिले. याच्या उलट ३१ जानेवारी १९९९ रोजी चेन्नईत घडले. पाठदुखी सोसत सचिनने १३६ धावा काढल्या, तरी पाकिस्तानने कसोटी १२ धावांनी जिंकली. चेपॉकवरील लोक क्षणभर सुन्न झाले आणि मग उभे राहून त्यांनी विजयी संघाचे अभिवादन केले. पाकिस्तानच्या खेळाडूंनी मैदानाला फेरी मारली, ती टाळ्यांच्या गजरात. चेन्नईचे लोक कोलकात्याच्या लोकांहून भारतावर कमी प्रेम करत होते काय? तसे म्हणण्यास काहीच आधार नाही. दुःख दोहोंकडे सारखेच होते. त्या दुःखाला दिलेले वळण निराळे होते.

सुमारे हजार वर्षांपूर्वी काश्मिरातील आचार्य अभिनवगुप्तांनी नाट्यशास्त्रावर टीका लिहिताना रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांपैकी दोन आमच्या प्रश्नाशी थेट भिडतात. समोर चाललेले हे माझे आहे किंवा परक्याचे आहे, असा हट्ट धरून बसणे हे एक. आणि स्वतःच्याच सुखदुःखात बुडून जाणे हे दुसरे. ईडन गार्डन्सवर त्या रात्री या दोन्ही विघ्नांचीच आग लागली होती, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

यावर कोणी सुज्ञ वाचक म्हणेल, की खेळ म्हणजे नाटक नव्हे. शाकुंतलाचा शेवट ठाऊक असूनही आपण ते पाहतो. सामन्याचा शेवट ठाऊक झाला तर त्यातील राम जातो. ज्याला कोणीही जिंकले तरी सारखेच, त्याला शेवटच्या षटकात धडधड कोठून होणार? हा आक्षेप आम्हांस पूर्ण मान्य आहे. पक्ष घेणे हे पाप नव्हे. आई शर्यतीत आपल्याच मुलाकडे श्वास रोखून पाहते, म्हणून तिला कोणी अन्यायी म्हणत नाही. मात्र पक्षाच्या रेषा देवाने आखलेल्या नसतात, एवढे भान हवे. मुंबईत एके काळी हिंदू, मुसलमान, पारशी आणि युरोपीय असे धर्म-वंशावर बेतलेले संघ खेळत आणि लोक त्याच रेषांवर वाटले जात. १९४० साली महात्माजींनी या पद्धतीविषयी नापसंती दर्शवली. १९४६ नंतर ती स्पर्धा बंद पडली. त्याच हिंदू संघाचा आधारस्तंभ असलेल्या पळवणकर बाळूंना पुण्यात चहा मिळे तो तंबूबाहेर, मातीच्या भांड्यात. बळी घेणारा हात हवा होता. त्या हाताला कपबशी द्यायची नव्हती. आपला पक्ष म्हणून वाजवलेली टाळी माणसाला आपला करतेच असे नाही, हे त्यातून शिकावे.

आता आमचीच गोष्ट. दुसऱ्यांच्या तऱ्हा मोजणाऱ्याने स्वतःला कोठे बसवावे, हे सांगितल्याविना हा लेख अप्रामाणिक होईल.

२४ फेब्रुवारी २०१० रोजी आम्ही त्याच मैदानावर होतो; या वेळी तिकीट काढून, मैदानाकडे तोंड करून. ज्यांचे नाव त्या मैदानाला आहे ते कॅप्टन रूपसिंह हॉकीचे. ध्यानचंदांचे ते धाकटे बंधू, ग्वाल्हेर संस्थानच्या सैन्यात होते. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेला २४-१ असे हरवले, त्यांतील १० गोल एकट्या रूपसिंहांचे. आमच्या रांगेत बसलेल्या किती जणांस हे ठाऊक असेल, देव जाणे. सारे आले होते सचिनसाठी. आणि आम्हा मराठी मंडळींची छाती त्या दिवशी इतरांहून दोन बोटे अधिक फुगली होती.

सचिन द्विशतकाजवळ आला आणि दुसऱ्या टोकाला महेंद्रसिंह धोनी फटके मारू लागला. ३५ चेंडूंत नाबाद ६८ ही त्याची खेळी एरवी गावभर गाजली असती. परंतु त्या अखेरच्या षटकांत त्याचा फटका सीमेपार गेला की आमच्या भागातून नाराजीचा सूर उठे. आपल्याच देशाच्या धावा लोकांस नकोशा झाल्या होत्या! आम्हीही ओरडलो, “एक ले, एक!” पन्नाशी ओलांडलेला, सरकारी हुद्द्यावरील मनुष्य देशाच्या कप्तानावर धावा केल्याबद्दल रागावला होता. अखेर शेवटच्या षटकात सचिनने एकेरी धाव घेतली, २०० पूर्ण झाल्या, आणि अनोळखी माणसांच्या गळ्यांत पडून आम्ही रडलो. एकदिवसीय क्रिकेटमधील जगातले पहिले द्विशतक, असे आम्ही कित्येक दिवस सांगत फिरलो. वस्तुतः पुरुषांच्या क्रिकेटमधले ते पहिले. ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कने नाबाद २२९ धावा १९९७ सालीच केल्या होत्या, आणि त्याही मुंबईत. ते आम्हांस माहीत नव्हते, कारण माहीत करून घ्यावे असे कधी वाटले नव्हते.

त्याहून जी गोष्ट पुढे बोचली ती निराळी. भारताने तीन बाद ४०१ धावा करून तो सामना १५३ धावांनी जिंकला. परंतु हरणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने ए. बी. डिव्हिलियर्स त्या रात्री नाबाद ११४ धावा काढून गेला. एकेक सोबती बाद होत असताना, परक्या गावात, हरलेल्या सामन्यात काढलेले शतक! त्या शतकाला आम्ही टाळी वाजवली होती काय? पुष्कळ आठवून पाहिले. आठवत नाही. आमचे शरीर तेथेच होते आणि डोळेही उघडे होते. पाहिले मात्र काहीच नाही.

शेवटचा प्रसंग घरचा आहे. आमचे घराणे दौलतराव शिंद्यांच्या छावणीबरोबर येथे आले. लष्कर वसले, पुढे नई सडकेवर घर झाले, पिढ्या गेल्या. परंतु क्रिकेटमध्ये ‘आपला संघ’ म्हणजे मुंबई, हे आमच्या वडिलांचे ठाम मत. ते स्वतः मुंबईत चार दिवससुद्धा राहिले नव्हते. मुंबईने १९५८-५९ पासून सलग १५ वेळा रणजी करंडक जिंकला, त्या काळात आमचे बालपण गेले. रेडिओभोवती बसून वाडेकरांच्या आणि पुढे गावसकरांच्या धावा मोजण्यात महाराष्ट्राशी असलेली नाळ जपल्याचे समाधान होते. त्यात काही गैर होते, असे आजही वाटत नाही.

जून २०२२ मध्ये बंगळुरूला रणजीचा अंतिम सामना लागला: मुंबई विरुद्ध मध्य प्रदेश. आम्ही वर्षापूर्वी निवृत्त झालो होतो. अकरा वर्षांचा नातू शेजारी बसून दूरचित्रवाणीवर सामना पाहत होता. मुंबईच्या सर्फराझ खानने शतक काढले. आम्ही टाळी वाजवली. नातवाने एकदा वळून पाहिले, बोलला नाही. पुढे मध्य प्रदेशाच्या यश दुबे आणि शुभम शर्मा यांनी शतके काढली, त्यानंतर रजत पाटीदारने. नातू उड्या मारत होता. एकाएकी थांबून त्याने विचारले, “आबा, तुम्ही आता टाळी का नाही वाजवली?”

आम्हांस उत्तर देता येईना. सर्फराझला दिलेली टाळी चुकीची नव्हती. तो खेळलाच तसा होता. चूक होती ती पाटीदारच्या वेळी मांडीवर निपचित पडून राहिलेल्या हातांची. ज्या राज्याचे अन्न आयुष्यभर खाल्ले, ज्याच्या तहसिलींत केस पांढरे झाले, त्याच्या मुलांचे कौतुक करताना हात जड का व्हावेत? आणि ज्याला आपण नाळ जपणे म्हणतो, ती नाळ दुसऱ्याचे गुण पाहू देत नसेल, तर ती नाळ की दावे?

२६ जून २०२२ रोजी मध्य प्रदेशाने सहा गडी राखून प्रथमच रणजी करंडक जिंकला. संघाचे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, मूळचे मुंबईचे. १९९८-९९ च्या हंगामात ते मध्य प्रदेशाचे कप्तान असताना याच मैदानावर हा संघ अंतिम सामना हरला होता. तेवीस वर्षांनी, आपल्याच जन्मगावाच्या संघाला हरवून, त्यांचे डोळे भरून आले. त्या क्षणी त्यांचे ‘आपले’ कोण, असे त्यांना विचारण्याचे धाडस कोणी करील काय? जेथे घाम गाळला, ते आपले. जेथून आलो, तेही आपले. मनुष्याच्या काळजात एवढी जागा असते. आपणच उगाच दाराशी पहारा बसवतो.

पक्ष आपला असावा, परंतु दाद गहाण पडू नये, एवढेच आमच्या विचाराचे सार. पक्ष जन्माने मिळतो, सहवासाने मिळतो, कधी नुसत्या सवयीने मिळतो. त्यात आपले कर्तृत्व थोडे. दाद देणे मात्र सर्वस्वी आपल्या हाती असते, म्हणून प्रेक्षकाची नीती तेथेच तपासली जाते. ती मैदानापुरती राहते असेही नाही. शेजाऱ्याच्या मुलाला आपल्या मुलापेक्षा अधिक गुण मिळाले, म्हणजे आपण पेढा कोणत्या चेहऱ्याने घेतो, हाही तोच प्रश्न.

त्या दिवशी विजयाची धाव निघाली तेव्हा आम्ही उठून उभे राहिलो आणि टाळ्या वाजवल्या. वडिलांची तसबीर समोरच्याच भिंतीवर होती. तिच्याकडे पाहण्याचे आम्ही थोडे टाळलेच. नातू मात्र आमच्या हातांकडे बारकाईने पाहत होता.