कहाणी तिची, निर्णय कोणाचा?

किराणा दुकानात पैसे मोजणारा आणि माल घरी नेणारा माणूस एकच असतो. डाळीत खडे निघाले तर दुसऱ्या दिवशी तो पिशवी घेऊन भांडायला येतो. सेवाभावी संस्थेचे गणित वेगळे. तिथे पैसे देणारा एक, मदत घेणारा दुसरा, आणि दोघांची आयुष्यात बहुधा गाठही पडत नाही. देणगीदार नाराज झाला तर पुढच्या वर्षी चेक येत नाही. मदत घेणारी बाई नाराज झाली तर ती गप्प बसते. साहजिकच संस्था चालवणाऱ्याचे तोंड हळूहळू देणगीदाराकडे वळते. अहवाल त्याच्या भाषेत लिहिले जातात, फोटो त्याच्यासाठी काढले जातात, कार्यक्रमाची तारीख त्याच्या सवडीने ठरते.

हा दोष कुठल्याही संस्थेत शिरतो. पण युद्धात बलात्कार, लैंगिक गुलामी, विस्थापन सोसलेल्या स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थेत तो कामाच्या मुळावरच येतो. या स्त्रियांचे घर गेलेले असते, माणसे गेलेली असतात. त्याहून खोलवर, आपल्या देहाबद्दल आणि आयुष्याबद्दल ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार गेलेला असतो. मदतीला आलेल्यांनीही तिच्या वतीने सगळे ठरवून टाकले, तर अन्न-औषध मिळूनही तिची मूळ हानी तशीच राहते. म्हणून अशा संस्थेच्या नेतृत्वाचे मोजमाप मला एकाच ठिकाणी करावेसे वाटते: किती निर्णय त्या स्त्रीच्या हाती परत गेले?

झैनब सल्बी ही बगदादमध्ये जन्मलेली इराकी स्त्री. तिचे वडील सद्दाम हुसेनचे वैमानिक होते. १९९३ मध्ये, विशीत असताना, तिने आणि तिच्या नवऱ्याने मधुचंद्रासाठी साठवलेले पैसे घेऊन क्रोएशिया गाठले आणि बोस्नियातल्या युद्धपीडित स्त्रियांसाठी काम सुरू केले. त्यातूनच पुढे ‘विमेन फॉर विमेन इंटरनॅशनल’ ही संस्था उभी राहिली. कल्पना अगदी साधी होती. सुरक्षित देशातल्या एका बाईने युद्धातल्या एका बाईला दरमहा थोडी रक्कम आणि एक पत्र पाठवायचे. रक्कम रोख असे. तिचे काय करायचे ते घेणारीने ठरवायचे.

सल्बी एक प्रसंग नेहमी सांगते. वेढ्यात अडकलेल्या सारायेवोत तिने एका बाईला विचारले, पुढच्या खेपेला तुमच्यासाठी काय आणू? ती म्हणाली, लिपस्टिक. रोज सकाळी ओठांना एवढेसे लावले की आपण माणसात आहोत असे वाटते. आणि डोंगरावरून नेम धरून बसलेल्याला कळू दे, की आपण एका देखण्या बाईला मारतो आहोत. मदतसामग्रीच्या कुठल्याच यादीत लिपस्टिक बसत नाही. पीठ, तेल, ब्लँकेट, जखमेचे औषध ही यादी गोदामात बसून करता येते आणि ती बिनचूकही असते. पण विचारल्याशिवाय जे कळणारच नाही, ते तिच्यात कधी येत नाही. संस्था वाढली, पुढाऱ्याच्या दारात फायलींचा ढीग लागला, की हा विचारण्याचा रिवाज सगळ्यात आधी मोडतो.

याच संस्थेच्या घडणीत एक अवघड प्रश्नही दडलेला होता. पत्र लिहिणाऱ्या बाईला समोरच्या बाईची कहाणी हवी असते, आणि कहाणीवाचून देणगी हलत नाही. सल्बी वर्षानुवर्षे जगभरच्या स्त्रियांना बोलते करत राहिली. स्वतःच्या घरावर पडलेली सद्दामची सावली, अमेरिकेत लावून दिलेले आणि तीन महिन्यांत मोडलेले पहिले लग्न, यांबद्दल मात्र ती गप्प होती. काँगोत एका स्त्रीने आपल्यावरचे अत्याचार तिला सांगितले आणि ते जगाला सांगायला मोकळी परवानगी दिली, तेव्हा हा विरोधाभास तिला टोचला. पुढे २००५ मध्ये तिचे आत्मकथन आले. इतरांकडून जे मागतो ते स्वतः द्यायची आपली तयारी आहे का, हा प्रश्न नेत्याला संस्थेच्या घटनेत कुठे सापडत नाही. तो असाच, उशिरा आणि अडचणीच्या जागी भेटतो.

न विचारता केलेल्या भल्याची उदाहरणे आपल्याच इतिहासात आहेत. फाळणीत पळवल्या गेलेल्या स्त्रियांना शोधून परत आणण्याच्या कामात मृदुला साराभाई आणि कमलाबेन पटेल यांच्यासारख्या निष्ठावान स्त्रियांनी स्वतःला झोकून दिले होते. १९४९ च्या कायद्याने त्या कामाला अधिकार दिले. पण त्या कायद्यात शोधून काढलेल्या स्त्रीच्या इच्छेला जागा नव्हती. नव्या घरात रुळलेल्या, मुले झालेल्या अनेकींनी जायला नकार दिला, रडून-ओरडून दिला, तरी त्यांना नेण्यात आले. ज्यांना खरोखर सुटका हवी होती अशाही हजारो होत्या, हे खरेच. पण दोघींत फरक करायला तिलाच विचारावे लागले असते, आणि दोन्ही राष्ट्रांना त्या घटकेला तिच्यापेक्षा आपल्या अब्रूची काळजी अधिक होती.

बांगलादेशात १९७१ च्या युद्धातल्या बलात्कारपीडित स्त्रियांना सरकारने ‘बीरांगना’ म्हणून गौरवले. तरीही २६ मार्च १९९२ रोजी ढाक्याच्या सुहरावर्दी उद्यानात जे घडले ते विसरू नये. जहानारा इमाम यांच्या नेतृत्वाखाली युद्धगुन्हेगारीचा जाब विचारणारे लोकन्यायालय भरले होते. जहानारा यांचा स्वतःचा मुलगा १९७१ मध्ये गेला होता. त्यांच्या हेतूबद्दल शंका घ्यायला जागा नाही. त्या गर्दीत कुष्टिया जिल्ह्यातल्या तीन गरीब बीरांगनांना आणले गेले. त्यांची छायाचित्रे देशभरच्या वृत्तपत्रांत झळकली. मानववंशशास्त्रज्ञ नयनिका मुखर्जी यांनी पुढे या स्त्रियांच्या गावी राहून अभ्यास केला. ढाक्यात ज्या छायाचित्रांनी चळवळीला बळ दिले, त्यांच्यापायी गावात या बायकांना टोमणे खावे लागत होते. सभा संपली, कार्यकर्ते घरी गेले. पाणवठ्यावर रोज जायचे होते ते या तिघींना.

मग बोलूच नये का? गप्प राहण्याचा फायदा तर थेट गुन्हेगाराला होतो. रवांडाच्या नरसंहाराचे खटले टांझानियातल्या आरुशात चालले, तेव्हा आकायेसू या माजी महापौरावरच्या मूळ आरोपपत्रात बलात्काराचा उल्लेखसुद्धा नव्हता. साक्ष देता देता एका स्त्रीने आपल्या लहान मुलीवर झालेल्या अत्याचाराबद्दल सांगितले. न्यायपीठावर नवनीतम पिल्ले होत्या, डरबनच्या तमिळ कुटुंबातल्या, त्या वेळी तिथल्या एकमेव स्त्री न्यायाधीश. न्यायपीठाने पुढचे प्रश्न विचारले, आणखी स्त्रिया बोलल्या, आरोपपत्र बदलले गेले, आणि २ सप्टेंबर १९९८ रोजी बलात्कार हा नरसंहाराचा भाग ठरू शकतो असा निकाल एखाद्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पहिल्यांदा दिला. त्या स्त्रियांची नावे मात्र त्या वेळी जगाला कळली नाहीत. साक्षीदार म्हणून त्यांना केवळ सांकेतिक अक्षरे होती. कुष्टियातल्या तिघींच्या बाबतीत जे जमले नाही ते इथे जमले. साक्ष जगापुढे आली आणि चेहरा तिचा तिच्यापाशी राहिला.

याच रवांडात विधवांनी १९९५ मध्ये स्वतःच ‘अवेगा’ ही संस्था काढली. बलात्कारातून एचआयव्ही झालेल्या स्त्रिया औषधांवाचून मरत असताना आरुशाच्या कोठडीतल्या आरोपींना तीच औषधे मिळत होती, ही विसंगती या स्त्रियांच्या अंगावरची होती. नुसत्या सेवेने ती मिटणार नव्हती. त्यासाठी भांडावे लागले.

पण सोसलेल्या स्त्रीच्या हाती नेतृत्व आले म्हणजे प्रश्न आपोआप सुटतो, असेही नाही. बोस्नियात बाकिरा हासेचिच यांनी उघडपणे, स्वतःच्या नावाने बोलून स्त्रियांची संघटना उभी केली. २००६ मध्ये बोस्नियाच्या एका भागात अशा स्त्रियांना युद्धपीडित नागरिक म्हणून मासिक भत्त्याचा हक्क मिळाला, हे अशा चळवळींचे मोठे यश. मात्र भत्त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र देण्याचे काम काही वर्षे या एकाच संघटनेकडे राहिले, आणि त्यावर ॲम्नेस्टीने टीका केली. ज्या बाईला त्या दारात जाऊन आपली हकीकत सांगायची नव्हती, तिने काय करायचे? काल जी दारे ठोठावत होती तिच्याच हातात आज दाराची किल्ली आली, की निर्णय कोणाचा, हा प्रश्न तिलाही स्वतःला विचारावा लागतो.

हे सगळे उलट्या बाजूनेही पाहता येते: मदत घेणाऱ्या स्त्रिया नेत्याला आपला मानतात का? काँगोतल्या बुकावूजवळचे पांझी रुग्णालय डॉ. डेनिस मुक्वेगे यांनी १९९९ मध्ये सुरू केले. बलात्काराने फाटलेल्या हजारो देहांवर तिथे शस्त्रक्रिया झाल्या. ऑक्टोबर २०१२ मध्ये त्यांच्या घरी मारेकरी आले. मुक्वेगे यांना वाचवताना त्यांचा रखवालदार गेला. मुक्वेगे कुटुंबासह परदेशी निघून गेले. तेव्हा किवू सरोवरातल्या इज्वी बेटावरच्या बायका अननस आणि कांदे विकून त्यांच्या परतीच्या तिकिटाचे पैसे जमवू लागल्या. त्यांतल्या बहुतेकींची दिवसाची कमाई एक डॉलरही नव्हती. आळीपाळीने आम्हीच तुमच्या दारावर पहारा देऊ, असाही निरोप त्यांनी धाडला. जानेवारी २०१३ मध्ये मुक्वेगे परतले. पुढे २०१८ मध्ये यझिदी कार्यकर्त्या नादिया मुराद यांच्यासह त्यांना शांततेचे नोबेल मिळाले. माझ्या लेखी मोठा सन्मान तिकिटाचा. देणारा आणि घेणारा यांची अदलाबदल झाली होती. ज्यांच्यासाठी संस्था होती, त्या तिच्या देणगीदार झाल्या होत्या. आणि देणगीदाराला परत बोलावण्याचा अधिकार असतोच.

या कामाचे दिवस सध्या कठीण आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये तालिबानने स्वयंसेवी संस्थांमध्ये काम करायला अफगाण स्त्रियांना बंदी केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये बुकावू बंडखोरांच्या ताब्यात गेले. त्याच वर्षी अमेरिकेने परदेशी मदत देणारी आपली मुख्य यंत्रणाच गुंडाळली. आता कुठले केंद्र बंद करायचे, कुठल्या गावातून माघार घ्यायची, याच्या बैठका जागोजागी चालू असणार. पैसा भरपूर असताना सर्वांना विचारणे सोपे असते. काटछाट करताना ज्यांचे जाणार आहे त्यांना टेबलाशी बसवणे अवघड. त्या स्त्रिया कदाचित सल्लागारांचे मानधन आधी कापा म्हणतील, आणि ते ऐकावे लागेल.

आपणही वर्षातून एखाद्या संस्थेला पैसे देतो, तिचा अहवाल चाळतो, किती जणींना मदत झाली तो आकडा पाहतो आणि बाजूला ठेवतो. त्या अहवालात एक पान वाढवायला सांगायला हवे: यंदा या स्त्रियांनी तुम्हाला कशाकशाला ‘नाही’ म्हटले, आणि तुम्ही काय बदललेत? ज्या संस्थेला हे पान भरता येईल, तिच्या नेतृत्वाबद्दल आणखी चौकशी करायची गरज नाही. ज्यांचे पान कोरे राहील, त्यांना चेक देण्याआधी आपण थोडे थांबावे.