लगाम कधी सोडायचा

ऑगस्ट २०२१. टोकियो ऑलिंपिकमध्ये मॉडर्न पेंटॅथलॉनची महिलांची स्पर्धा चालली होती. जर्मनीची आनिका श्लॉय पहिल्या क्रमांकावर होती. पोहणं आणि तलवारबाजी झाली होती, आता घोड्यावरून अडथळे ओलांडायचे होते. या खेळात तेव्हा घोडा स्वतःचा नसे. आयोजकांनी आणलेल्या घोड्यांपैकी एक चिठ्ठीने वाट्याला येई आणि त्याच्याशी ओळख करून घ्यायला २० मिनिटं मिळत. श्लॉयच्या वाट्याला सेंट बॉय आला. त्याआधी दुसऱ्या एका स्वारालाही त्याने दाद दिली नव्हती. श्लॉयला पाठीवर घेऊन तो अडथळ्यांकडे जाईचना. ती रडत होती, टाचा मारत होती, चाबूक चालवत होती. कुंपणाबाहेरून तिची प्रशिक्षक किम राइझनर ‘जोरात मार’ म्हणून ओरडत होती. तिने स्वतःही घोड्याला बुक्की मारल्याचं चित्रफितीत दिसलं आणि तिला स्पर्धेतून बाद करण्यात आलं. श्लॉय शेवटी एकतिसावी आली.

त्यानंतर जगभर वाद झाला. कुणी म्हणालं स्वार क्रूर, कुणी म्हणालं घोडाच वाईट. मला ती २० मिनिटं विलक्षण वाटतात. अनोळखी माणसाला पाठीवर घेऊन, अनोळखी मैदानात, दिव्यांच्या झगमगाटात, उंच काठ्यांवरून उड्या मारायला एखादं जनावर २० मिनिटांत तयार होईल, हे कुणीतरी कधीतरी टेबलाभोवती बसून ठरवलं असेल. आणि तयार झालं नाही तर दोष त्याचा.

घोड्यांच्या माणसांत थोडा वेळ बसलं की ‘मान’ हा विषय निघतोच. घोड्याने धरणाऱ्याचा मान ठेवला पाहिजे. अंगावर येऊन उभा राहणारा, दोर हिसकणारा, खूर उचलू न देणारा घोडा माणसाला जुमानत नाही. आज खपवून घेतलं तर उद्या डोक्यावर बसेल. यातली काळजी खोटी नाही. चारशे-पाचशे किलोच्या जनावराने नुसतं बाजूला सरकताना पायावर खूर ठेवला तरी बोटं मोडतात, आणि मागची लाथ बसली तर सांगायलाच नको. प्रेमाने सगळं होतं, घोड्याला शिस्त कशाला, असं म्हणणाऱ्यांशी म्हणून माझं जमत नाही. त्यांनी बहुधा हातात खरारा धरलेला नसतो.

तरीही मान ही फार मोठी मागणी आहे. समोरच्याचं पद, त्याची योग्यता, आपलं त्याच्याशी असलेलं नातं हे सगळं मनात जुळवल्याशिवाय कुणी कुणाचा मान ठेवत नाही. घोडा असं काही जुळवतो याला पुरावा नाही. तो काय करतो, हे मात्र बरंच नीट कळलेलं आहे.

दोराला ताण दिला की मोहरकीचा पट्टा कानांमागे रुततो. घोड्याला ते नको असतं, म्हणून तो काहीतरी करून बघतो. मान वर झटकतो, मागे सरतो, पाय रोवून उभा राहतो, आणि केव्हातरी एक पाऊल पुढे टाकतो. त्या पावलासरशी दोर सैल झाला तर त्याला समजतं की ताण आला की पुढे व्हायचं. पाऊल टाकूनही ताण तसाच राहिला तर पुढे होण्यात काही अर्थ उरत नाही. आणि तो मागे सरत असताना हात भरून आला म्हणून आपण दोर सोडला, तर त्या दिवशी घोडा मागे सरायला शिकतो. शिकवणाऱ्याचं सगळं लक्ष ओढण्याकडे असतं, शिकणाऱ्याचं सुटकेकडे. लगामाचं आणि टाचेचंही हेच. सेकंदभर उशीर झाला तरी तेवढ्यात घोड्याने कान हलवलेला असतो, मान वळवलेली असते, वजन दुसऱ्या पायावर टाकलेलं असतं, आणि सुटकेचं श्रेय भलत्याच हालचालीला जातं. मग माणूस म्हणतो, घोडा हट्टी आहे.

माथेरानला हे रोज बघायला मिळतं. तिथे मोटारींना बंदी आहे, त्यामुळे माणसांसाठी आणि सामानासाठी घोडे लागतात. हौशी पर्यटक घोड्यावर बसतो आणि दोन्ही हातांनी लगाम गच्च धरतो, कारण त्याला पडायची भीती वाटत असते. लगाम ओढलेला, शिवाय टाच मारून ‘चल’ म्हणायचं. थांब आणि चल, दोन्ही एकदम. घोडा दोन्हींकडे दुर्लक्ष करतो आणि मालकाने जिभेने टक्‌ केलं की निघतो. पर्यटकाला वाटतं, बेटा मालकाचाच मान ठेवतो. खरं तर दिवसभर कुणी ना कुणी विनाकारण ओढत राहिल्यामुळे त्याच्या तोंडातल्या कडीला अर्थच राहिलेला नसतो. घोड्याचं तोंड जड होतं ते असं. हाच घोडा पाठीवर माशी बसली तर तेवढीच कातडी थरथरवून ती उडवतो. त्याला कळत नाही असं म्हणण्यात काही तथ्य नाही.

त्याला किती कळतं, याचा सर्वांत मासलेवाईक दाखला बर्लिनचा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाच्या निवृत्त गणितशिक्षकाने हान्स नावाच्या घोड्याला गणितं शिकवली होती. बेरीज विचारली की हान्स तेवढ्या वेळा खूर आपटायचा. १९०४ मध्ये तज्ज्ञांच्या मंडळाने तपासणी केली, लबाडी काही सापडली नाही. मग मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्टने चिकाटीने प्रयोग केले. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल, किंवा तो हान्सला दिसत नसेल, तर हान्स चुकायचा. प्रश्न विचारून माणूस खुराकडे बघायला किंचित पुढे झुकायचा आणि बरोबर आकडा आला की नकळत डोकं जरासं वर करायचा. हान्स त्यावर थांबायचा. हे गुपित माहीत असलेल्या फुंग्स्टलाही आपली ती हालचाल पुरती दाबता येईना. १९०७ मध्ये त्याने हे सगळं प्रसिद्ध केल्यावर घोड्याला अक्कल नव्हती असा निष्कर्ष लोकांनी काढला आणि फॉन ओस्टेन चिडला. मला मात्र त्याची वर्षानुवर्षांची शिकवणी वाया गेली असं वाटत नाही. त्याने गणित शिकवलं नाही एवढंच. माणसाच्या मानेची हालचाल वाचणारा घोडा त्याने तयार केला, आणि तोही बहुतेक पाव-गाजरांच्या जोरावर.

असा प्राणी दोराच्या दुसऱ्या टोकाला असेल तर आपल्या हातातला राग, घाई, धांदल यातलं काहीच झाकून राहत नाही. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात अथेन्सच्या झेनोफनने घोडेस्वारीवर पुस्तक लिहिलं, त्यात रागाच्या भरात घोड्याशी वागू नये असं तो बजावतो. त्याचा दुसरा मुद्दा मला अधिक मोलाचा वाटतो. घोडा एखाद्या वस्तूला बुजला आणि तेव्हाच त्याला मारलं, तर दुखणं त्या वस्तूमुळेच आलं असं तो धरून चालतो. म्हणजे भीती घालवायला मारलेला फटका भीती खरी ठरवतो. प्रयोगशाळा निघण्याच्या दोन हजारांहून अधिक वर्षं आधी, निव्वळ पागेत उभं राहून हे लक्षात आलेलं आहे. टोकियोच्या त्या मैदानात झेनोफन वाचलेला कुणी नव्हता असं थोडंच आहे? वाचलेलं हातात उतरायला वेळ लागतो.

आता मानाच्या बाजूचा सर्वांत वजनदार युक्तिवाद. कळपात घोडे पुढाऱ्याला मानतात, माणसाने तोच पुढारी व्हावं, की मारझोडीची गरजच नाही. अमेरिकेच्या मॉन्टी रॉबर्ट्‌सने हा विचार जगभर नेला. १९८९ मध्ये त्याने विंडसरला राणी एलिझाबेथसमोर प्रयोग करून दाखवला. गोल कुंपणात घोडा मोकळा सोडायचा, त्याला कडेने पळवत ठेवायचं, आणि त्याचा आतला कान आपल्याकडे वळला, मान खाली आली, तोंड चघळू लागलं की आपण नजर काढून पाठ फिरवायची. घोडा चालत येऊन खांद्याशी उभा राहतो. बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं. पायाला दोर बांधून घोडा आडवा पाडणाऱ्या जुन्या पद्धतींपुढे हे कितीतरी सौम्य आहे, यात शंका नाही.

पण ऑस्ट्रेलियात सिडनीच्या संशोधकांनी हाच खेळ माणसाशिवाय करून पाहिला. कुंपणात माणसाऐवजी रिमोटवर चालणारी खेळण्यातली गाडी होती. घोडा दूर गेला की गाडी मागे लागायची, तिच्याकडे वळला की थांबायची. काही वेळाने घोडे वळून त्या गाडीकडे चालत येऊ लागले. गाडीला काय पुढारी मानलं त्यांनी? शिवाय मोकळ्या कळपांचा अभ्यास करणाऱ्यांना सगळ्यांना हाकणारा एकच कायमचा पुढारी सहसा सापडत नाही. पाण्याकडे आज एक घोडी निघते, उद्या दुसरी. चघळण्याचंही, भीतीने कोरडं पडलेलं तोंड पुन्हा ओलावल्याचं ते लक्षण असावं, असं दुसरं स्पष्टीकरण अभ्यासक देतात. रॉबर्ट्‌सचं तंत्र चालतं. मात्र दाब आणि सुटका यांचा मेळ तो अचूक घालतो, म्हणून चालतं. पुढारीपणाची गोष्ट माणसाला ऐकायला बरी वाटते.

मग ती गोष्ट मानली तर बिघडलं काय, असं कुणी विचारेल. बिघडतं ते अशा वेळी, जेव्हा घोडा ऐकत नाही. दाब-सुटकेच्या हिशेबाने बघणारा स्वतःकडे पाहतो: उशिरा सोडलं का, दोन खुणा एकदम दिल्या का, याचं खोगीर कुठे टोचतंय का, तंग फार आवळलाय का, दात दुखतोय का. मान मागणाऱ्याला मात्र अपमान दिसतो, आणि अपमानावर माणसाला एकच उपाय सुचतो. हे नवख्यांचंच होतं असंही नाही. ब्रिटनची शार्लट डुजार्डिन ड्रेसाजमधली तीन ऑलिंपिक सुवर्णपदकांची मानकरी. स्वाराची खूण बघणाऱ्याला दिसू नये, हीच त्या खेळाची शोभा. २०२४ मध्ये तिची एक जुनी चित्रफीत बाहेर आली. शिकवताना ती जमिनीवर उभी राहून घोड्याच्या पायांवर पुन्हा पुन्हा लांब चाबूक मारताना दिसत होती. पॅरिस ऑलिंपिकमधून तिने माघार घेतली आणि वर्षभराची बंदी आली. तिच्याइतकी बारीक जाण फार थोड्यांना असेल. जाण असते, धीर संपतो.

दुसरा धोका याच्या उलट बाजूचा आहे, आणि आपल्याकडे तो जास्त. वरातीतली घोडी बघावी. बँड, डीजे, कानाजवळ फटाके, डोळ्यांवर दिवे, पाठीवर जरीच्या शेरवानीतला अवघडलेला नवरदेव. घोडी हलत नाही. ‘एकदम गरीब आहे’, मालक सांगतो. काही घोड्या खरंच हळूहळू सवय लावून तयार केलेल्या असतात. आवाज आधी दूरवर, मग जवळ, बुजली की थोडं मागे घ्यायचं, शांत झाली की थांबायचं. पण काहींनी केव्हाच प्रयत्न सोडलेला असतो. काहीही केलं तरी सुटका नाही हे कळलेलं जनावरही असंच निमूट उभं राहतं. लांबून दोघी सारख्याच दिसतात. जवळ गेलं तर एकीचे कान सारखे फिरत असतात, हाताकडे नाक येतं. दुसरीच्या डोळ्यांपुढून हात नेला तरी काही होत नाही. तिच्याइतकी आज्ञाधारक घोडी मिळायची नाही. आज्ञा पाळली म्हणजे शिक्षण झालं, असं मानणाऱ्याला हा फरक करताच येणार नाही.

चांगल्या वागणुकीची चर्चा निघाली की ती पटकन मनाच्या मोठेपणावर जाते. मला ती जमाखर्चाची वाटते. शिवकालीन पागेत बारगिराचा घोडा सरकारी असे. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे, असं बखरकार सभासद सांगतो. चिपळूणजवळ हलवर्णला असलेल्या पागेच्या अंमलदारांना शिवाजी महाराजांच्या दप्तरातून गेलेलं पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला त्रास देऊ नका, म्हणून ते सांगितलं जातं. त्याचा गाभा मात्र दाण्या-वैरणीचा आहे. आत्ताच उधळपट्टी केलीत तर पावसाळ्यात घोडे उपाशी मरतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल, म्हणून पुरवून वापरा. घोड्यावरच्या मायेचा त्यात फारसा उल्लेख नाही, गरजही नाही. घोड्याचा सांभाळ कुणाच्या स्वभावावर सोडलेला नव्हता, याचा तो कागद आहे. शिंगराला माणसाळवणारा, खोगीर चढवणारा चाबूकस्वारही तेव्हा पगारी माणूस होता. घोडा तयार व्हायला लागणाऱ्या महिन्यांचा खर्च कुणीतरी उचलत होतं. आजही हेच दिसतं: २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारताला ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण मिळालं. त्या चमूत मुंबईचा हृदय छेडा होता. या स्वारांनीही युरोपात राहून वर्षानुवर्षं तयारी केली होती, आणि तो खर्च कुणालाही झेपण्यासारखा नाही.

माथेरानच्या घोडेवाल्यामागे ना सरकारी पागा आहे ना प्रायोजक. पावसाळ्यात धंदा बसतो, दाणा मात्र रोज लागतो. लगाम कसा धरायचा हे प्रत्येक गिऱ्हाइकाला पाच मिनिटं शिकवायचं म्हटलं, तर मागचं गिऱ्हाईक शेजारच्याच्या घोड्यावर बसून निघून जातं. म्हणून त्यातले बरेच जण सोपा मार्ग काढतात. लगाम गिऱ्हाइकाच्या हाती देतच नाहीत. खोगिराला धरून बसायला सांगतात, दोर आपल्या हातात ठेवतात आणि घोड्याशेजारून चालू लागतात. गिऱ्हाईक थोडं नाराज होतं, फोटो तेवढा चांगला येत नाही. घोड्याचं तोंड मात्र वाचतं, आणि पुढच्या हंगामात तो मालकाच्या बोटाच्या हालचालीवर वळतो.