वरच्या खोलीतला कूलर

नागपूरच्या धरमपेठेतल्या एखाद्या जुन्या बंगल्याच्या वरच्या खोलीत मनानं जाऊन बसा. एप्रिल अर्धा सरलाय. डोक्यावर फक्त स्लॅब, आणि स्लॅबवर दिवसभराचं ऊन. डोळे मिटा, तळहात छताकडे करा. धग खाली उतरताना जाणवेल. दिवसभर शोषलेलं ऊन स्लॅब मध्यरात्र उलटेपर्यंत सोडत राहतो, म्हणून सूर्य मावळला तरी ही खोली निवत नाही. घाई करू नका. आधी ही धग ओळखून घ्या.

आता गॅलरीत, खिडकीला लागून, लोखंडी स्टँडवर कूलर बसतोय. त्याच्या बाजूच्या ताट्यांत लाकडाच्या किसाचं गवत नव्यानं भरलंय. पंप सुरू झाला की वरून पाणी उतरू लागतं आणि ओल्या लाकडाचा वास येतो. इथं थांबा. फक्त ताटीकडे बघा. कूलर जरासा कलला असेल तर पाणी एकाच बाजूनं वाहतं, दुसरी बाजू कोरडी राहते, आणि त्या कोरड्या पट्ट्यातून गरम वारा सरळ आत शिरतो. कूलरच्या पायाखाली लाकडाची पाचर सरकवली की ओल हळूहळू टोकाकडे सरकते, पिवळं गवत गडद होत जातं. ताटी पूर्ण भिजेपर्यंत बघत राहा. मला तर कूलर बसवण्यातलं खरं काम हेच वाटतं.

एक लिटर पाणी उडून जाताना हवेतली सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता घेतं. गारवा येतो तो एवढ्यातूनच. 23 मे 2013 रोजी नागपुरात 47.9 अंशांची नोंद झाली होती. अशा दिवसांत ओठ फुटतात, हवा कडकडीत कोरडी असते, आणि त्या कोरडेपणामुळेच ताटीतलं पाणी भराभर उडतं. आपल्याला छळणारी गोष्टच इथं आपल्या कामी येते. यावर थोडा वेळ मन ठेवा. हे पाणी पेंच आणि कन्हान नद्यांतून आलेलं आहे, हेही आठवा.

एक श्वास घ्या. तो सोडल्याशिवाय पुढचा घेता येत नाही, खोलीचंही तसंच. समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा. ओली हवा बाहेर गेली नाही तर तासाभरात चादर चिकट होते आणि कूलरला नावं ठेवली जातात.

आता डोळे उघडा, कारण पुढचं उघड्या डोळ्यांनीच करायचं आहे. पाणी भरण्याआधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. अर्थिंग तपासून घ्या. पत्र्यात करंट उतरून दर उन्हाळ्यात विदर्भात माणसं जातात, लहान मुलं जातात. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण उपसून घासा, नाहीतर तिथंच डेंग्यूचे डास वाढतात.

मृगाचा पाऊस आला, हवा ओलावली, की ताटीतलं पाणी उडेनासं होतं. मग पंप बंद करा आणि नुसता पंखा चालू द्या.